पाणी न घालणाऱ्या आढावबाई

होळीच्या दिवशी सकाळी दिल्लीहून गाझियाबादला जायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याला आढावबाईंनी बोलावलेलं असतं. गल्लोगल्ली पोरं पिचकाऱ्या भरून टपलेली, बसेस दुपारपर्यंत बंद, आदल्या दिवशी कबूल केलेला ऑटोवाला भांगेच्या तारेत स्वतःशीच हसतोय, आणि मी डोक्याला जुनी ओढणी गुंडाळून यमुनेचा पूल ओलांडतेय, असं मी बरीच वर्षं केलं. बाईंच्या दारात पोहोचेपर्यंत माझा एक गाल हिरवा आणि कान जांभळे झालेले असत. बाई दार उघडत, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "हातपाय धू आणि वर ये. ऊन तापायच्या आत पाणी द्यायचंय."

हे पाणी निवडुंगांना द्यायचं असे. बाईंच्या घराच्या गच्चीवर एक काचघर होतं आणि त्यात फळ्यांवर फळ्या रचून निवडुंगांच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. दिवाळीला त्यांना शेवटचं पाणी मिळायचं. त्यानंतर अख्खा हिवाळा थेंब नाही. आमच्याकडच्या धुक्यात आणि थंडीत निवडुंगाच्या मुळाशी ओल राहिली की तो आतून कुजतो. कोरडा ठेवला तर नुसता आक्रसून झोपतो. होळीपर्यंत ती झाडं म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी सुरकुतलेली असत. मग होळीच्या सकाळी बाई झारी उचलत. कोरड्या मातीवर पाणी पडलं की ती आधी चर्र करी, मग बुडबुडे सोडी, आणि ओल्या विटेचा वास गच्चीभर पसरे. खाली सगळं गाव एकमेकांना भिजवत असायचं आणि वर बाई एकेका कुंडीपाशी थांबून, तोंडातल्या तोंडात कसलीशी चाल गुणगुणत, पाणी घालत असायच्या. वर्षातून तेवढ्या एका दिवशी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

एरवी बाई गुणगुणणाऱ्यांपैकी नव्हत्या. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या सरकारी ऑफिसात मी नागपूरहून नवी नवी आले, तेव्हा मला पहिला सल्ला मिळाला तो असा : "आढाव मॅडम से बचके रहना, यार. काटती नहीं, चुभती हैं." बाई सेक्शन ऑफिसर होत्या. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या. साठच्या दशकात परीक्षा देऊन एकट्या दिल्लीला आल्या आणि पुढेही एकट्याच राहिल्या. बुटक्या, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर वडिलांचं भलंमोठं घड्याळ. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"नाव सुनंदा ना? राहतेस कुठे?"

मुनिरकात एका खोलीत तिघी जणी राहतो, म्हटलं.

"जेवतेस काय?"

म्हटलं, मिळेल ते.

"रविवारी गाझियाबादला ये. आमटी-भात करते."

निमंत्रण होतं, पण सूर मेमो दिल्यासारखा. मी घाबरत घाबरत गेले आणि मग जातच राहिले.

ऑफिसात त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावरही एक निवडुंग होता. सशाच्या कानांसारखे पसरट, वरून मखमली दिसणारे त्याचे तळवे. गप्पा मारायला येणाऱ्या सरकारी माणसाची एक ठरलेली पद्धत असते. तो खुर्चीवर बसत नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर टेकवतो आणि तुमचा अर्धा तास खातो. नेमका त्याच कोपऱ्यावर बाईंनी तो ठेवला होता. एकदा आमच्या अंडर सेक्रेटरी साहेबांनीच तिथे कोपर टेकवलं. त्या मखमलीचे काटे केसापेक्षा बारीक, आणि साहेबांचा बुशशर्ट अर्ध्या बाह्यांचा. साहेब असे ओरडले की पलीकडच्या सेक्शनचे लोक दारात जमा झाले. बाईंनी शांतपणे पर्समधून चिमटा काढला, साहेबांचा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि भिंगातून बघत एकेक काटा उपसला. माफी नाही, अरेरे नाही. "मॅडम, इसको यहाँ क्यों रखा है?" साहेबांनी कळवळून विचारलं. "सर, यह तो अपनी जगह पर ही है," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईल पुढे केली. त्या दिवसापासून सेक्शनचं काम वेळेवर व्हायला लागलं, असं बाईंचं म्हणणं होतं. काम तेवढंच होत होतं. गप्पा फक्त माझ्या टेबलाकडे सरकल्या होत्या.

गाझियाबादचं घर बाईंनी नोकरीत असतानाच बांधलं. खाली दोन खोल्या, वर गच्ची. दिल्लीत कुठला तरी जुना सरकारी बंगला पाडत होते, त्याच्या खिडक्या त्यांनी कबाड्याकडून टेम्पो भरून आणल्या आणि लोखंडी अँगलवर त्या जोडून काचघर उभं केलं. त्यामुळे त्याची एक खिडकी दुसरीसारखी नव्हती. कुठे पडद्याची कडी तशीच राहिलेली, कुठे कुणा साहेबाच्या मुलाने ओरखडलेलं नाव, आणि एक धुरकट काच सरळसरळ न्हाणीघराची. त्या न्हाणीघराच्या काचेमागे बाई नाजूक झाडं ठेवत, कारण तिथे ऊन गाळून येई.

मला आधी वाटायचं, निवडुंगाला काय करायचं असतं? तो तर उकिरड्यावरही उगवतो. बाईंच्या घरी एक वर्ष काढल्यावर तो भ्रम गेला. एप्रिलमध्ये कळ्या. मग लूच्या झळा सुरू व्हायच्या आत काचांवर पातळ चुना फासायचा आणि वर हिरवी जाळी ताणायची, नाहीतर वाळवंटातली झाडंसुद्धा आमच्या मे महिन्यात भाजून निघतात. पावसाळ्यात बाजूच्या सगळ्या खिडक्या काढून ठेवायच्या, छप्पर तेवढं राहू द्यायचं; ती दमट हवा लागली की पिठ्या ढेकूण कापसासारखे चिकटतात, ते स्पिरिटच्या बोळ्याने एकेक टिपायचे. दसऱ्याच्या सुमारास खिडक्या परत लावायच्या. आणि दिवाळीनंतर काही म्हणजे काही करायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड, असं बाई म्हणत.

"त्यांना काही होत नसतं, सुनंदा. आपल्याला चैन पडत नाही, म्हणून आपण पाणी घालतो."

हे वाक्य मला त्यांनी सुनावलं, त्याला कारण होतं. एकदा त्यांनी मला एक छोटा, टेनिसच्या चेंडूएवढा निवडुंग दिला. माझं तेव्हा लग्न झालं होतं आणि आम्हाला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं होतं. डिसेंबरात बाई माझ्याकडे जेवायला आल्या, बाल्कनीत गेल्या, कुंडीत बोट खुपसलं आणि आत येऊन मुकाट्याने जेवल्या. जाताना कुंडी पिशवीत घालून परत घेऊन गेल्या. "तू नको," एवढंच म्हणाल्या. "तू फार मायाळू आहेस." माझा नवरा आजही ते माझ्याविषयीचं सर्टिफिकेट म्हणून पाहुण्यांना सांगतो.

फूल उमलायचं असलं की बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकत. कळी कुठल्या दिवशी उघडणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळे. फूल दुपारी उघडतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. तेवढा वेळ त्या समोर स्टूल टाकून बसत. मी एकदा सोबत होते. माझ्याने राहवलं नाही, म्हटलं, "किती सुंदर आहे, बाई!" त्यांनी मला हातानेच गप्प केलं. झाडांशी त्या बोलत नसत, आणि बोलणाऱ्यांची त्यांना कीव येई. "मी काय बोलू त्यांच्याशी? त्यांना कुठे मराठी येतं."

मराठीचं मात्र त्यांना खरोखर दुखणं होतं. एखाद्या रविवारी मी गेले नाही, तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून सोमवारी मी भेटेपर्यंत त्यांच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. गल्लीत हिंदी, चर्चमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. म्हणून सकाळची प्रार्थना त्या मुद्दाम मोठ्याने, मराठीत म्हणत. "जिभेला गंज चढतो गं," असं त्या एकदा सहज म्हणाल्या. नाताळला त्या रीतीप्रमाणे करंज्या, चकल्या, शेव असा सगळा फराळ एकट्याने करत, डबे भरत, आणि सुट्टीनंतर ऑफिसात आणून वाटत. घरी खाणारं कोण होतं? लग्नाचं मी एकदा भीत भीत विचारलं. "विचारलं होतं एकाने," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, विचार करून सांगते. तो थांबला नाही." आणि त्या माझ्यासाठी भात वाढायला उठल्या.

रिटायर झाल्यावर बाई पूर्णच एकट्या पडल्या, आणि तेव्हापासून एका प्रश्नाने त्यांना घेरलं : आपल्यामागे ह्या झाडांचं काय? त्यातले कितीतरी निवडुंग त्यांनी बियांपासून वाढवलेले होते. बी रुजलं की मोहरीएवढा ठिपका दिसतो आणि तो मुठीएवढा व्हायला निम्मं आयुष्य जातं. ते असं कुणाच्याही हाती द्यायचं नव्हतं. नगरचा भाचा विजय कामासाठी दिल्लीला आला, तेव्हा त्यांनी त्याला मोठ्या आशेने वर नेलं. त्याने सगळं पाहिलं आणि विचारलं, "पण मावशी, ह्यांचा उपयोग काय?" बाईंनी त्याला मटण करून घातलं, स्टेशनवर पोचवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. कुठल्या तरी बागेचे एक अधिकारी गाडी घेऊन आले. त्यांना दारात ठेवायला फक्त मोठे चार हवे होते. "बाकीच्यांना काय अनाथाश्रमात घालू?" असं बाईंनी त्यांना तोंडावर विचारलं.

मग नोएडाचे भटनागर भेटले. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः निवडुंग वाढवणारे. ते काचघरात आले तेव्हा मी होते. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलंच नाही. एका कुंडीतली चिमूटभर माती बोटांवर चोळली आणि विचारलं, "बहनजी, ईंट का चूरा कितना डालती हैं?" बाईंचा चेहरा असा उजळला की मीच दुसरीकडे पाहिलं. ठरलं. सगळीच्या सगळी झाडं प्राध्यापक नेणार, एकही न वगळता. कधी, तर होळीनंतर.

ती होळी झाली आणि बाई म्हणाल्या, आता कळ्या धरल्यात, ह्या वर्षी हलवणं बरं नव्हे. पुढच्या वर्षी होळी उलटल्यावर म्हणाल्या, जाळी ताणून झाली, आता राहू दे. प्राध्यापक भले गृहस्थ. "कोई जल्दी नहीं, बहनजी," म्हणायचे. बाईंना झाडं चांगल्या घरी पडायला हवी होती, आणि त्यांच्याशिवाय दिवस कसा जाईल हेही त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

शेजारच्या चावला भाभींना हा सगळाच प्रकार चमत्कारिक वाटे. त्यांची आणि बाईंची गच्ची लागून, मधे कमरेएवढी भिंत. भाभी भरदार, मोकळ्या आवाजाच्या, गुडघ्यांनी हैराण. नवरा दिवसभर दुकानात, मुलगा-सून लुधियानाला. त्या भिंतीवरून सारखं काही ना काही खायला देत. बाई वाटी धुऊन तिच्यात चार लिंबं टाकून परत करत. "दीदी, आप इन बेचारों को प्यासा मारती हो," असं भाभी दर हिवाळ्यात म्हणत. बाई उत्तर देत नसत. समजावून सांगणं हा प्रकार त्यांना जमतच नसे. "मी काय बालवाडी चालवते?" असं त्या मला विचारत.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच बाई गच्चीच्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची हाक भाभींनीच ऐकली, भाभींनीच गल्ली गोळा केली आणि त्या ॲम्ब्युलन्समध्ये बसून दिल्लीपर्यंत आल्या. ऑपरेशनला आत नेताना बाईंनी भाभींचा हात धरून सांगितलं, "चाबी आपके पास है. पर ऊपर कुछ मत करना. काँचघर का दरवाज़ा भी मत खोलना." मी शेजारीच उभी होते. "हाँ हाँ, दीदी," भाभी डोळे पुसत म्हणाल्या, "आप फिकर न करो. मैं हूँ न."

ऑपरेशननंतर बाई दोन महिने माझ्याकडे राहिल्या. दिवाणावर पडून त्या खिडकीबाहेर बघत. सकाळी सगळं पांढरं झालेलं असे, समोरच्या क्वार्टर्स दिसत नसत. "आज धुकं दाट आहे," त्या म्हणत. "बरं झालं, कोरडी आहेत." फोनवर भाभींना विचारत, "ऊपर तो नहीं जातीं आप?" पलीकडून भाभी म्हणत, "दीदी, आप बस ठीक होके आओ, फिर देखना." बाईंचं समाधान होई. त्या आजारपणात त्यांचा एक निश्चय मात्र झाला. माझ्या घरूनच त्यांनी प्राध्यापकांना फोन केला : आता टाळाटाळ नाही, फेब्रुवारीच्या शेवटी टेम्पो आणा, झाडं झोपेत आहेत तोवर हलवू. फोन ठेवून त्यांनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "सुटले बाई." आवाज सुटल्यासारखा नव्हता.

जानेवारीच्या मध्यावर मी त्यांना घरी पोचवलं. त्यांना जिना चढायची अजून मनाई होती, म्हणून त्यांना खाली बसवून मी वर गेले. काचघराचं दार उघडं होतं. आतल्या फळ्यांवर जुन्या शाली आणि एक फाटकी रजई पांघरलेली. मी रजई उचलली. झाडं हिरवीगार, टचटचीत फुगलेली दिसत होती. मी हिवाळ्यात त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. एकाला बोट लावलं, तर तो कुंडीतच आडवा झाला. बुडाशी तपकिरी लगदा. दुसऱ्याला लावलं, तोही. न्हाणीघराच्या काचेमागची तर सगळीच. वास यायला लागला होता. मी कठडा धरून खाली आले.

खाली चावला भाभी गाजर हलव्याचं पातेलं घेऊन आल्या होत्या आणि बाईंच्या पायाशी बसून सांगत होत्या. बाईंनी नाही म्हटलं ते भिडेपोटी, हे त्यांना लगेच कळलं होतं. दीदीला कुणाला त्रास द्यायचा नसतो, हे काय त्या ओळखत नाहीत? "रोज़ सुबह, दीदी. घुटने दुखते थे, पर मैंने कहा, नहीं, दीदी के बच्चे हैं. और ठंडा पानी नहीं डाला मैंने, सच्ची. गुनगुना करके, बाल्टी में ऊपर ले जाती थी. धुंध में ऐसे ठिठुरते थे बेचारे, मैंने अपनी शॉल डाल दी."

बाई ऐकत होत्या. त्यांच्या हातात हलव्याची वाटी होती. मी दारात आले तशा त्या माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "किती?"

"सगळेच, बाई," मी म्हटलं.

"क्या कह रही है?" भाभींनी विचारलं.

बाईंनी वाटीत चमचा घातला. "कह रही है," त्या म्हणाल्या, "सब बहुत अच्छे लग रहे हैं."

भाभींचा चेहरा फुलून आला. बाई गोड खात नसत, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्या दिवशी त्यांनी तो हलवा शेवटच्या चमच्यापर्यंत संपवला आणि भाभींनी पुन्हा वाढला तेव्हा नको म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पुढच्या रविवारी बाई वर गेल्याच. डॉक्टरांचं ऐकलं नाही. पायरीवर बसायचं, हातांच्या जोरावर अंग उचलून वरच्या पायरीवर सरकायचं, अशा बसत बसत गच्चीवर पोचल्या. मी चाकू स्पिरिटने पुसून दिला. कुजलेला निवडुंग कधीकधी वरून कापत गेलं की निरोगी गर लागतो, आणि तेवढा शेंडा वाचवता येतो. त्यांनी आधी सर्वांत जुना उचलला, नोकरीतल्या पहिल्या वर्षी पेरलेला. एक चकती कापली, मधे तपकिरी डाग. दुसरी कापली, तिसरी कापली. डाग पार टोकापर्यंत गेला होता. त्यांनी आणखी थोडे कापून पाहिले आणि चाकू खाली ठेवला. "भर," म्हणाल्या.

मी आणि माझा नवरा पोत्यांत भरत गेलो. कुठेही उगवणारे दोन-तीन चिवट सोडले, तर काही उरलं नाही. पोती आम्ही भाभी देवळात गेलेल्या असताना खाली नेली. तशी सक्त ताकीद होती. भाभींना सांगायचं ते एवढंच, की झाडं नोएडाला प्राध्यापकांकडे गेली, जरा लवकरच गेली.

प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. टेम्पोचं विचारत होते. बाई ताठ बसल्या, साहेबांशी बोलताना बसत तशा. "प्रोफेसर साहब, अब मत आइए. पौधे नहीं रहे." पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं. "नहीं, ठंड से नहीं. पानी. मुझसे पानी ज़्यादा पड़ गया." पलीकडून पुन्हा काही विचारलं असावं. "जी, दिसंबर में," बाई म्हणाल्या. "जी. मुझसे ही."

हिवाळ्यात पाणी घालणाऱ्या माणसाला बाई काय समजत, हे मला ठाऊक होतं आणि त्या प्राध्यापकांनाही. मला बाईंचाच राग आला. म्हटलं, "बाई, खरं सांगायचं होतं. निदान त्यांना तरी." बाई म्हणाल्या, "ते आणि भाभी उद्या बाजारात भेटले तर?" आणि त्यांनी मला चहा ठेवायला सांगितलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझी बदली नागपूरला झाली होती, निरोप घ्यायला गेले. फेब्रुवारीतली दुपार होती. काठीच्या आधाराने का होईना, बाई आता जिना चढत. काचघर रिकामं होतं. कुंड्या धुऊन एकीत एक घालून ठेवलेल्या, फळ्या पुसलेल्या, सगळ्या काचा लख्ख. बाई बाहेर वेताच्या खुर्चीवर उन्हात बसल्या होत्या. करायला काही नव्हतं आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. ते हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते. मला तिथे बसवेना.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चावला भाभींचं डोकं वर आलं. हातात मटार सोलायची परात.

"दीदी, प्रोफेसर साहब का फ़ोन आया था? हमारे पौधे ठीक हैं न वहाँ?"

"बिल्कुल ठीक," बाई म्हणाल्या. "पूछ रहे थे, सर्दियों में इतना अच्छा किसने रखा."

भाभींनी परात भिंतीवर ठेवली. "फिर? आपने मेरा नाम बताया?"

मी तोंड उघडणार, तोच बाई मराठीत, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, "गप्प बस."

मग भाभींकडे बघून म्हणाल्या, "बताया."

भाभी लाजल्या. ओढणी सारखी करत म्हणाल्या, "लो जी, मैंने क्या किया, दो बाल्टी पानी ही तो डाला," आणि मिस्टर चावलांना फोन करून हे सांगायला लगबगीने खाली गेल्या. बाई त्यांची पावलं जिन्यावर वाजेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ती परात घे बरं इकडे. मटार सोलून ठेवू तिचे."